विकलेली मोटार

घरांतून एखादी वस्तु विकली जाते तेव्हां तिच्याबरोबर तिची आठवणहि जावी, असा व्यवहाराचा साधा न्याय आहे. जुना पलंग, मोडकें कपाट, तांब्यापितळेचीं जड भांडीं यांचे पैसे एकदां हातांत पडले, कीं मनुष्य त्यांना विसरून जातो. मोटारीच्या बाबतींत मात्र हा न्याय लागू पडत नाहीं. ज्या घरानें एके काळीं मोटार बाळगली आणि पुढें ती विकली, त्या घरांत चाळीस वर्षांनंतरहि तिचा क्रमांक तोंडपाठ असतो. स्वतःच्या विवाहाची तारीख सांगतांना चांचरणारे गृहस्थ जुन्या फियाटचीं तीन अक्षरें आणि चार आंकडे न अडखळतां म्हणून दाखवितात. तिचा रंग कोणता, तिच्या कोणत्या दाराची कडी सैल होती, कोणत्या खिडकीची कांच अर्ध्यावर येऊन अडत असे, हें सारें घरांतल्या प्रत्येकाला ठाऊक असतें. यंत्राविषयीं अशी ममता मनुष्याला कां वाटावी, आणि ती यंत्र हातचें गेल्यावर अधिकच कां वाढावी, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं.

गाडी उत्तम होती म्हणून ती आठवते, असें म्हणावें तर तेंहि खरें नव्हे. आजची एखादी साधी मोटारसुद्धां त्या जुन्या गाड्यांहून वेगवान, सुरक्षित आणि आज्ञाधारक आहे. ती सकाळीं एका बोटानें जागी होते, घाटांत तापत नाहीं आणि पावसांत हटून बसत नाहीं. तरी पांच-सहा वर्षांनीं ती देऊन दुसरी घेतांना घरांतल्या कोणाचा कंठ दाटत नाहीं. उलट जी महिन्यांतून दोनदां मिस्त्रीच्या दारांत उभी राही, जिला गल्लींतल्या चार मुलांनीं धक्का मारल्यावांचून चालावयाचें ठाऊक नव्हतें, तिची कहाणी नातवंडांना सांगितली जाते. तेव्हां या प्रीतीचें मूळ गाडीच्या गुणांत नसून अन्यत्र कोठें तरी शोधलें पाहिजे.

त्यासाठीं थोडें मागें जावें लागतें. सोलापुरास १८८२ सालीं जन्मलेले उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली आणि मुंबईंत कुर्ल्यास तिचा कारखाना काढला. आरंभीं अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीच्या साह्यानें तेथें गाड्या जोडल्या जात. पुढें इटलींतील तुरिन शहरच्या फियाट कंपनीशीं संबंध जुळला, आणि १९५४ च्या सुमारास फियाट ११०० ही गाडी कुर्ल्याहून बाहेर पडूं लागली. तिची पाठ गोल, नाक पुढें आलेलें, आणि पुढचे दरवाजे नेहमींच्या उलट बाजूस उघडणारे. लोकांनीं तिला ‘डुक्कर फियाट’ असें नांव दिलें. नांव ओबडधोबड खरें, पण तें ठेवणाऱ्याच्या मनांत कुचेष्टा नव्हती. घरांतल्या गुटगुटीत मुलाला जशी लाडानें हांक मारतात, तशांतलाच तो प्रकार होता. तिच्यामागून चौकोनी बांध्याची डिलाइट आली, मग प्रीमियर प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून चितोडच्या राणीचें नांव धारण करणारी प्रीमियर पद्मिनी. नांवें बदललीं, तरी बोनेटखालचें १०८९ घन सेंटिमीटरचें यंत्र आणि चक्राखालच्या दांड्यावर बसविलेला गिअर यांची ओळख पुष्कळ वर्षें मोडली नाहीं.

तिची थोरली बहीण अँबॅसडर. बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्स या १९४२ सालीं स्थापन झालेल्या कंपनीनें इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्ड गाडीचा सांचा घेऊन कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथें १९५७-५८ च्या सुमारास ती बनविण्यास आरंभ केला आणि २०१४ च्या मे महिन्यांत ती बनविणें थांबविलें. इतक्या दीर्घ काळांत तिचें बाह्य रूप फारसें बदललें नाहीं. मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गानें मुख्यतः फियाट पसंत केली. अँबॅसडर मोठ्या कुटुंबांना, डॉक्टर-वकिलांना आणि सरकारी अंमलदारांना मानवली.

या दोन गाड्यांच्या पलीकडे निवडीला वाव फार थोडा होता, आणि त्याहि मागितल्याबरोबर मिळत नसत. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांत कारखान्यानें किती गाड्या काढाव्या, यावर सरकारी परवान्याचें नियंत्रण असे. १९७० च्या दशकांत सबंध देशांत वर्षाकांठीं बनणाऱ्या मोटारींची संख्या ५० हजारांपर्यंतहि पोंचत नव्हती. पैसे भरून नांव नोंदवावें आणि मग कित्येक वर्षें वाट पाहावी, ही रीत होती. नांव नोंदवितांना जें मूल पाळण्यांत होतें, तें गाडी दारीं आली त्या दिवशीं दप्तर घेऊन शाळेंत जात होतें, अशीं उदाहरणें घरोघर सांपडतात. टंचाई अशी कीं थोडीफार वापरलेली फियाट पुष्कळदां कोऱ्या गाडीहून अधिक किमतीस विकली जाई.

परंतु या वाट पाहण्यांत एक गोष्ट घडून येई. ज्या वस्तूची मनुष्य इतकी वर्षें प्रतीक्षा करतो, ती दारांत येण्यापूर्वींच घरची होऊन बसते. रंग कोणता घ्यावा यावर जेवतांना वाद होत. पुढच्या बाकावर आईच्या शेजारीं कोणी बसावयाचें, याचा निकाल गाडी येण्याच्या दोन वर्षें आधीं लागलेला असे. मग ती येई. बोनेटवर कुंकवाचें स्वस्तिक, झेंडूचा हार, चाकाखालीं लिंबू, फुटलेल्या नारळाचें पाणी, आणि समोरच्या फळीवर चिकटविलेला बोटाएवढा गणपति. पहिली फेरी देवाला, दुसरी आजोळीं. त्या दिवसापासून घरच्या माणसांच्या मोजणींत एकाची भर पडे.

आणि ही नवी व्यक्ति सेवा करून घेई. रविवारची सकाळ तिच्या स्नानाची. वडील बोनेट उघडून प्लग काढीत, ते पितळी तारेच्या ब्रशानें घासून पुन्हां बसवीत. थोरला मुलगा बादलीनें पाणी घाली. धाकट्याकडे चाकांवरच्या चकचकीत टोपणांचें काम असे. पावसाळ्यांत डिस्ट्रिब्युटरच्या टोपणांत ओल शिरली कीं गाडी मुकी होई, आणि कोरड्या फडक्यानें तें टोपण पुसणें ही विद्या दहा वर्षांच्या मुलालाहि अवगत असे. अँबॅसडर असेल तर पुढें हँडल घालून तें फिरविण्याचा मान घरांतल्या बळकट माणसाचा. चोक किती ओढावा, तो केव्हां आंत सारावा, याचें प्रत्येक गाडीचें शास्त्र निराळें, आणि तें फक्त त्या घरालाच ठाऊक.

मुंबईहून पुण्यास जाणें म्हणजे तर एक मोहीमच. द्रुतगति महामार्ग पूर्णपणें खुला झाला तो २००२ सालीं. त्यापूर्वीं खोपोली सुटली कीं जुन्या रस्त्यानें बोरघाट चढावा लागे. चार वळणें झालीं कीं रेडिएटरांतून वाफ निघूं लागे. गाडी कडेला घेऊन सारें कुटुंब खालीं उतरे. एकानें चाकामागें दगड लावावा, दुसऱ्यानें पाण्याचा डबा काढावा, आणि टोपण फडक्यांत धरून वडिलांनीं तें जपून फिरवावें. इतरांनीं दूर उभें राहावें. यंत्र निवेपर्यंत दशम्या आणि बटाट्याची भाजी तेथेंच उघडली जाई. समोर दरी, खालीं आगगाडीचे बोगदे आणि मागें टक्टक् असा आवाज करीत निवणारी गाडी. आज तोच घाट मिनिटांत मागें पडतो, आणि पुण्याला पोंचल्यावर वाटेंत काय पाहिलें, तें कोणाला सांगतां येत नाहीं.

ममतेचें मूळ येथें सांपडतें. जी वस्तु मनुष्याची सेवा करते तिची तो किंमत करतो. पण ज्या वस्तूची सेवा त्याला करावी लागते, ती त्याची होते. त्या जुन्या मोटारींनीं घरांतल्या प्रत्येकाला कांहीं तरी काम दिलें, आणि कामाबरोबर एक छोटासा अधिकार दिला. त्यांचे दोष हेच त्यांचे संबंध होते. निर्दोष यंत्राला मनुष्याची गरज नसते, म्हणून तें त्याच्या स्मरणांतहि राहत नाहीं.

तरी एवढ्यानें प्रश्न पुरता सुटत नाहीं. सेवा तर गाईचीहि केली, बागेचीहि केली. मोटारीची आठवण निघतांना आवाजांत जो एक हळवा स्वर लागतो, तो कशाचा? त्याचें उत्तर तिच्या येण्यांत नाहीं. तें तिच्या जाण्यांत आहे.

मध्यमवर्गाच्या घरची मोटार क्वचितच तिच्या स्वतःच्या दोषांमुळें विकली गेली. ती विकली गेली ती बहुधा घराच्या गरजेमुळें. १९७३ सालच्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव कडाडले, आणि पुष्कळ घरांतली गाडी आधीं आठवड्यांतून एकदांच बाहेर निघूं लागली व पुढें मुळींच निघेनाशी झाली. कोठें बदलीचा हुकूम आला. कोठें मुलीचें लग्न ठरलें; कोठें मुलाला इंजिनिअरिंगला दूरच्या गांवीं ठेवावयाचें होतें; कोठें घरांतल्या कोणाची शस्त्रक्रिया करावयाची होती; कोठें नव्या सदनिकेचा पहिला हप्ता भरावयाचा होता. त्या काळच्या पगारदार कुटुंबापाशीं एकदम मोठी रक्कम उभी करून देईल अशा वस्तु दोनच: बायकोच्या अंगावरचें सोनें आणि दारांतली गाडी. सोन्याला हात लावण्यापूर्वीं गाडीकडे पाहिलें जाई.

हा निर्णय रात्रीं मुलें निजल्यावर होई. सकाळीं कोणी एक गृहस्थ येत, बोनेट उघडून आंत डोकावत, टायरला बुटाच्या टोंकानें ठोकत आणि पत्रा कोठें सडला आहे हें बोटानें चांचपून पाहात. घरच्या मुलांना तें मुळींच आवडत नसे. मग किमतीची घासाघीस. वडील एरवीं भाजीवाल्याशींहि न हुज्जत घालणारे. पण येथें त्यांचा स्वर चढे. शंभर-दोनशें रुपयांचा प्रश्न नसे. कोणी तिला कमी लेखावें, हें त्यांना सोसत नसे. सौदा ठरे. आई पुढें होऊन फळीवरचा तो छोटा गणपति काढून पदरांत घेई. कारण देव विकावयाचा नसतो. डिकींतला पाण्याचा डबा, मागच्या कांचेजवळची जुनी उशी, कप्प्यांतला रस्त्यांचा नकाशा, इतकें सामान घरांत येई. वडील खरेदीदाराला शेवटच्या सूचना देत: सकाळीं चोक अर्धाच ओढा, दुसऱ्या गिअरला घाई करूं नका, डाव्या बाजूचें मागचें दार जोरानें लावावें लागतें. मुलीला सासरीं पाठवितांना तिच्या आवडीनिवडी सांगाव्या, तसाच तो प्रकार. मग ती वळणावरून दिसेनाशी होई, आणि जेथें ती उभी राहत असे तेथें फरशीवर तेलाचा एक काळा डाग राही. तो डाग कित्येक पावसाळे जात नसे.

गाडीच्या किमतीचे पैसे ज्या कामासाठीं आणले त्या कामांत खर्च होत. कारण काय तें मुलांना कोणी सांगत नसे. ‘जुनी झाली होती, विकली’, एवढेंच उत्तर. बसच्या रांगेंत उभें राहून वडील पुन्हां कचेरीला जाऊं लागत, आणि ‘चालणें प्रकृतीला बरें’ असें म्हणत. पुढें मुलें मोठीं होतात, शिकतात, मिळवूं लागतात. रस्त्यांत एखादी जुनी फियाट दिसली कीं नजर आपोआप क्रमांकाच्या पाटीकडे वळते. न जाणो, तीच असेल! एके दिवशीं जुने कागद चाळतांना किंवा आईच्या बोलण्यांत सहज उल्लेख आल्यामुळें हिशेब जुळतो. गाडी गेली तो महिना आणि महाविद्यालयाची फी भरली तो महिना एकच. तेव्हां कळतें कीं आपली पदवी कोठून आली. विकलेल्या मोटारीची आठवण निघतांना जो स्वर हळवा होतो, तो बहुधा या न फेडलेल्या आणि न बोललेल्या ऋणाचा असतो.

ऋणाचा आणि मोटारीचा संबंध सांगणारी एक हकीगत देशाच्या इतिहासांतहि आहे. पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांनीं फियाट घेण्याचें ठरविलें तेव्हां तिची किंमत सुमारें १२ हजार रुपये होती आणि त्यांच्या खात्यांत ७ हजार होते. उरलेले ५ हजार त्यांनीं पंजाब नॅशनल बँकेंतून कर्जाऊ घेतले. तें फिटण्यापूर्वींच, १९६६ च्या जानेवारींत, ताश्कंदला त्यांचें निधन झालें. राहिलेलें कर्ज त्यांच्या पत्नी ललिताबाई यांनीं निवृत्तिवेतनांतून फेडलें. ती गाडी विकली गेली नाहीं. दिल्लींतील त्यांच्या स्मारकांत ती ठेवलेली आहे. पाहणारे तिच्या रंगाकडे आणि आकाराकडे पाहतात. पण जी गोष्ट पाहण्यासारखी आहे, ती त्या ५ हजारांच्या फेडींत आहे.

दुसरी हकीगत १९८३ सालची. त्या वर्षीं १४ डिसेंबरला मारुति ८०० ही गाडी बाजारांत आली, आणि पहिल्या गाडीच्या किल्ल्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्तें दिल्लीच्या हरपाल सिंग यांना मिळाल्या. सोडतींत त्यांचें नांव निघालें होतें. ही नवी गाडी घेण्यासाठीं त्यांनीं आपली जुनी फियाट विकली होती. मारुति मात्र त्यांनीं २०१० सालीं मृत्यु येईपर्यंत विकली नाहीं. त्यांच्या पश्चात् ती घराबाहेर ऊनपाऊस खात गंजत उभी राहिली. पुढें कंपनीनें ती दुरुस्त करून आपल्या मुख्य कार्यालयांत ठेवली. जपलेल्या गाडीचें हें भाग्य. विकलेल्या फियाटचें पुढें काय झालें, हें कोणीं लिहून ठेवलें नाहीं. पण घरोघरच्या हजारों फियाट आणि अँबॅसडर अशाच नव्या गाडीला वाट करून देऊन निघून गेल्या. मारुति आली आणि वाट पाहण्याचें युग सरत गेलें. नव्या गाडीचा आनंद खरा होता. जुनीचें दुःखहि खरें होतें. आणि दोन्ही एकाच दिवशीं एकाच दारांत उभीं होतीं.

घरगुती मोटारीच्या विरहांत दुःख असलें तरी भाकरीचा प्रश्न नसतो. जिच्यावर पोट अवलंबून होतें, तिचा वियोग निराळा. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींत पद्मिनीचें राज्य कित्येक दशकें चाललें. शतक पालटतांना तिचें उत्पादन थांबलें. शहरांत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे, आणि २००३ च्या ऑक्टोबरांत नोंदलेली शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबर महिन्याअखेर रस्त्यावरून निवृत्त झाली. त्या दिवसांत ज्या मुंबईकरांनीं वर्षानुवर्षें तिच्या आसनांच्या स्प्रिंगांविषयीं तक्रार केली होती, तेहि तिचीं छायाचित्रें काढीत होते. टॅक्सीवाल्यानें तिच्यांत दिवसाचे बारा-बारा तास काढलेले. दुपारीं तिच्याच मागच्या बाकावर डोळा लावलेला. तिच्याच मिळकतींतून गांवीं घर बांधलेलें. ती भंगारांत देतांना त्याच्या हातीं आले ते पत्र्याच्या वजनाचे पैसे. त्याच्या आठवणीला प्रवाशाच्या कौतुकाहून अधिक मान मिळाला पाहिजे.

हें नातें ओळखून ऋत्विक घटक यांनीं १९५८ सालीं ‘अजांत्रिक’ हा बंगाली चित्रपट काढला. कथा सुबोध घोष यांची. बिमल नांवाचा एकाकी टॅक्सीवाला आणि त्याची जुनाट शेव्हरोले, जिला तो जगद्दल म्हणतो, या दोघांची ती गोष्ट. लोक हंसतात, पण तो तिच्याशीं बोलतो, तिच्यावर रुसतो, तिला पाणी पाजतो. शेवटीं ती उठेनाशी होते आणि भंगारवाला तिचे तुकडे घेऊन जातो. तो शोकांत उभा असतांना ओळखीचा भोंगा ऐकूं येतो. एक लहान मूल तिच्या भोंग्याशीं खेळत असतें, आणि बिमलच्या चेहऱ्यावर हसूं उमटतें. गाडी संपली, पण तिच्यांतलें कांहीं तरी दुसऱ्याच्या हातीं अजून वाजत आहे, एवढें समाधान त्याला पुरतें.

हें समाधान विकणाऱ्यांनीं विसरूं नये. प्रेमापोटीं गाडी न विकणारीहि घरें आहेत. ती आवारांत मेणकापडाखालीं उभी राहते. टायर बसतात, पत्र्याला भोंकें पडतात, आसनांत उंदीर घर करतात. वर्षातून एकदां दसऱ्याला तिला हार घातला जातो. अशा जपणुकीनें गाडी जपली जात नाहीं. फक्त निर्णय लांबणीवर पडतो. तिला चालती ठेवण्याची शक्ति आणि हौस असेल तर अवश्य ठेवावी. ५० वर्षांहून जुन्या मोटारींसाठीं २०२१ सालीं केंद्र सरकारनें स्वतंत्र नोंदणीचे नियम केले आहेत. अशा गाडीला क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें मिळतात, मात्र ती रोजच्या वापरासाठीं नसते. ती हौस नसेल तर, चालती आहे तोंवर, जो तिला चालवील त्याच्या हातीं देणें हीच तिची खरी कदर.

पण देतांना कागद पुरे करून द्यावी. भावनेच्या भरांत किल्ली दिली, हात हलविला आणि काम झालें असें समजणारे पुष्कळ असतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें, राज्यांतल्या राज्यांत गाडी विकणाऱ्यानें १४ दिवसांच्या आंत हस्तांतराची खबर नोंदणी अधिकाऱ्याला द्यावयाची असते. त्यासाठीं २९ आणि ३० या क्रमांकांचे नमुने भरावे लागतात. नोंद बदलेपर्यंत कायद्याच्या दृष्टीनें मालक जुनाच. गाडीनें मध्यंतरीं अपघात केला तर भरपाईची जबाबदारी नोंदलेल्या मालकावर येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला आहे. मनानें ती गाडी जन्मभर विकणाऱ्याची राहिली तरी चालेल; कागदावर तिनें तसें राहूं नये.

अँबॅसडरचें तर नांवहि विकलें गेलें. २०१७ सालीं फ्रान्सच्या प्यूजो कंपनीनें तें ८० कोटि रुपयांना घेतलें. नांवाची किंमत अशी आंकड्यांत सांगतां येते. ज्या घरांनीं ती बाळगली त्यांच्यापाशीं जें उरलें, त्याचा बाजारांत भाव होत नाहीं.

तेव्हां जुन्या मोटारीची आठवण पुन्हां निघेल, आणि ती घरोघर निघतेच, तेव्हां बोलणें तिच्या वेगावर आणि बोरघाटांतल्या वाफेवरच संपूं देऊं नये. ती कां विकली, हा एक प्रश्न विचारावा. ज्यांनीं ती विकली ते वडील किंवा आजोबा अजून घरांत असतील, तर त्यांनाच विचारावा. पहिलें उत्तर ‘जुनी झाली होती’ असेंच येईल. थोडें थांबावें. मग कदाचित् ते चष्मा काढून पुसतील आणि एखाद्या वर्षाचें, एखाद्या फीचें, एखाद्या लग्नाचें नांव घेतील. तें ऐकून घ्यावें. मोटार परत आणतां येत नाहीं. पण ती कोणासाठीं गेली हें ज्याला कळलें, त्याला ती विकणाऱ्याचे आभार मानण्यास अजून वेळ आहे.